आधी वर बघा, मग साडी

वेंगुर्ल्याजवळच्या एका ताईंचं पत्र आहे. लेकीचं लग्न २४ मेला, मुहूर्त पावणेबाराचा, मांडव घरच्याच खळ्यात, म्हणजे अंगणात. लेकीला सगळं पिस्ता आणि फिकं गुलाबी हवंय. जाऊबाई म्हणतात, मे महिन्यातलं असो की माघातलं, लग्नात लाल-पिवळंच शोभतं. दोघींचं बोलणं बंद. ‘मी मधल्यामधे भरडतेय, कुणाचं ऐकू?’ आणि अगदी शेवटी एक ओळ : ‘मांडवाची काळजी नाही, दिरांकडची निळी ताडपत्री मिळाली आहे.’

ताई, कुणाचंच ऐकू नका. ती निळी ताडपत्री आधी मांडवावरून रद्द करा.

तिघींनी मिळून कपाटं उपसलीत, पण वर बघायचं एकीलाही सुचलं नाही! सिंधुदुर्गात मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सावली पायाखाली जाते. २४ तारखेलाही सूर्य जवळजवळ डोक्यावरच असणार, म्हणजे मुहूर्ताला मांडवात येणारा बहुतेक उजेड ताडपत्रीतून गाळून येणार. ती निळा तेवढा आत सोडते, लाल-पिवळा अडवते. फिकं गुलाबी जांभळट मारतं, पिस्ता मळकट राखाडी होतो. जाऊबाईंचा लाल शालू काळपट, आणि मुहूर्ताची पिवळी अष्टपुत्री हिरवट. चेहरे तर आठ दिवस तापाने झोपल्यासारखे. फोटोवाल्याने रंग दुरुस्त केला की मांडवाबाहेरचं सगळं केशरी होतं. खाली पांढरं कापड ताणू, असं मांडववाला सांगेल. उपयोग नाही, उजेड वरूनच निळा होऊन आलेला असतो.

पांढरी ताडपत्री घ्या आणि तिच्यावर माडाच्या चुडतांची, म्हणजे फांद्यांची, विणलेली झापं घाला, एकावर एक अर्धी चढवून. ऊन वरच अडतं, गारवा राहतो, उजेड बाजूंनी स्वच्छ येतो. त्यासाठी दोन बाजू उघड्या ठेवा. ताडपत्रीला मधे उंची आणि दोन्हीकडे उतार हवाच. सपाट बांधली तर पाणी साचून पोट धरते आणि बांबूसकट खाली येते. पावसाला अवकाश आहे म्हणू नका, २०२५ साली तो २५ मेला देवगडात हजर होता. दिवे सगळे पिवळसर घ्या, मधेच पांढरी ट्यूब नको.

साड्या मांडव पडण्याआधी घ्यायच्या, म्हणून उद्याच चार बांबूंवर तशीच ताडपत्री आणि झापं बांधा. पावणेबाराला दोघींचे ब्लाउजपीस त्याखाली धरा, शेजारी एक पांढरा कागद. कागद पांढरा दिसला तर रंगही खरे दिसतील.

रंग लेकीचाच राहू दे, लग्न तिचं आहे. फक्त तिला सांगा, सपाट फिकं रेशीम नको, पिस्त्यावर घामाचा डाग लगेच उमटतो. बारीक बुट्टे असलेलं सुती-रेशमी बघा. काठ गडदच हवा. फिका काठ लाल मातीत दोन फेऱ्यांत तांबडा होतो. केसांत अबोलीचा वळेसार, पिस्त्याशेजारी तो छान उठतो, आणि जाऊबाईंना लाल-पिवळ्याच्या मधला केशरी मिळतो.

दिरांना वाईट वाटेल? त्यांची ताडपत्री मागीलदारी चुलीच्या लाकडांवर घाला. वळीव आला तर आचारी त्यांचंच नाव घेईल.