‘अटक होईल’ की ‘अटक होणार’?

प्रश्न असा आहे: ‘नेत्यावर आरोपपत्र दाखल, आता अटक होणार’ असा मथळा होता आणि खालच्या बातमीत मात्र ‘अटक होईल, असा अंदाज आहे’ असं वाक्य. दोन्हींचा अर्थ एकच का? आणि अशा अंदाजाला ‘भाकीत’ म्हणावं की ‘अटकळ’?

अर्थ एकच नाही. ‘-ईल’ आणि ‘-णार’ ही दोन्ही रूपं शाळेत भविष्यकाळाच्या एकाच खणात घातलेली असतात, पण बोलणाऱ्याची खात्री किती, यावर तोंडात कुठलं येतं ते ठरतं. याची चाचणी घ्यायला भविष्यात जायलाही नको. ‘त्यांना माहीत असेल’ आणि ‘त्यांना माहीत असणार’ ही दोन वाक्यं म्हणून बघा. ‘असेल’च्या आधी ‘कदाचित’ सहज बसतो. ‘असणार’ला मात्र ‘च’ हवा असतो. ‘कदाचित माहीत असणार’ म्हणताना जीभ अडखळते. पहिला माणूस अंदाज करतो आहे, दुसऱ्याने मनाशी निकाल लावून टाकलेला आहे.

त्यात ‘णार’ला ‘आहे’ जोडला की गोष्ट ठरलेलीच होते. ‘सुनावणी सोमवारी होणार आहे’ म्हणजे तारीख लागली. ‘अटक होणार आहे’ म्हटल्यावर वाचकाला वाटतं, कुणीतरी निर्णय घेतला आणि तो बातमीदाराला कळला. मथळ्याने ‘आहे’ गाळला तरी सूर तोच राहतो. थोडक्यात, मथळ्यात निकाल आणि बातमीत अंदाज. काही जण ‘अटक होणार?’ असं प्रश्नचिन्ह लावून सुटका करून घेतात. प्रश्नचिन्ह झाकून वाचलं की लबाडी दिसते.

‘होईल’सुद्धा वाटतं तितकं साधं नाही. ‘होईल, होईल’ असं दोनदा म्हटलं, की ऐकणारा समजतो, हे काही होत नाही. समजूत काढायला मराठीत याहून सोयीचं क्रियापद नसेल. बातमीत अंदाजच द्यायचा असेल तर ‘अटक होऊ शकते’ हे रूप प्रामाणिक. त्यात ना आशा, ना खात्री.

मला मथळ्यात जास्त खटकला तो ‘आता’. आरोपपत्र आलं की त्यापाठोपाठ अटक, असा क्रम तो शब्द गृहीत धरतो. आपल्या फौजदारी प्रक्रियेत अटक बहुधा तपास चालू असताना होते आणि आरोपपत्र (पोलिसांच्या भाषेत दोषारोपपत्र) तपासाच्या शेवटी येतं. किंबहुना आरोपी कोठडीत असेल तर, गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार, ६० किंवा ९० दिवसांत ते दाखल करावं लागतं, नाहीतर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. म्हणजे अटक झाली म्हणून आरोपपत्राची घाई, असा उलटा प्रकारच जास्त. तपासभर जो बाहेर राहिला, त्याला केवळ आरोपपत्र द्यायचं म्हणून पकडलंच पाहिजे असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सिद्धार्थ विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या निकालात स्पष्ट केलं. गंमत म्हणजे तो वादही एका शब्दाचाच होता. कायद्याच्या कलमातला ‘कस्टडी’ म्हणजे कोठडी नव्हे, आरोपीला न्यायालयापुढे हजर करणं, एवढाच तिथे अर्थ घ्यायचा, असं न्यायालय म्हणालं. मराठीत आपण सरसकट ‘कोठडी’ लिहितो, तेव्हा हा फरक बुजतो. तिथे ‘ताबा’ बरा.

अर्थात राजकारण्यांच्या बाबतीत आधी आरोपपत्र आणि मग गजाआड, असंही झालेलं आहे. चारा घोटाळ्यात लालूप्रसाद यादवांवर आरोपपत्र आलं, जुलै १९९७ मध्ये त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडलं आणि काही दिवसांतच ते न्यायालयाला शरण गेले. त्यामुळे ‘आता’ अगदीच निराधार नाही, पण नियम म्हणून तो लिहू नये.

हा क्रम मराठी मथळ्यांत शिरायला परदेशी बातम्यांचाही हातभार असावा, असं मला वाटतं. अमेरिकेतल्या ‘इंडाइटमेंट’ला आपण ‘आरोपपत्र’ म्हणतो, पण तिथे ते ग्रँड ज्युरीकडून, म्हणजे खटला भरण्याइतका पुरावा आहे का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाकडून येतं. डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर न्यूयॉर्कमध्ये ३० मार्च २०२३ रोजी असे आरोप ठेवले गेले आणि ४ एप्रिलला ते स्वतः हजर झाले. त्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने ते अटकेतच होते, पण हातात बेड्या नव्हत्या आणि संध्याकाळी ते घरी परतले. ‘ट्रम्प यांना अटक’ वाचून मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे कोठडी उभी राहते. अशा वेळी ‘हजर झाले’ लिहिलेलं चांगलं. ‘शरण गेले’ही चालेल, पण त्या क्रियापदाला भक्तीचा वास आहे आणि पुढाऱ्यांना तो फुकट मिळू नये.

आता भाकीत की अटकळ. अंदाज, कयास आणि अटकळ ‘बांधतात’. भाकीत बांधत नाहीत, ‘करतात’ किंवा ‘वर्तवतात’. बांधायला हाताशी काही सामग्री लागते: जामीनअर्ज फेटाळला गेला, सहआरोपी माफीचा साक्षीदार झाला, समन्सला नेता गेलाच नाही. यावरून जे बांधलं जातं ती अटकळ. भाकीत सामग्री न दाखवताही करता येतं, म्हणून ज्योतिषी ते करतात. तुमच्या बातमीत कारणं दिलेली असतील तर ‘अटकळ’ लिहावं. अटकेची अटकळ हा अनुप्रास आयताच मिळतो, पण दोन्ही शब्द सारखे ऐकू येतात एवढ्यावर त्यांची सोयरीक जुळवू नका. ‘अटकेपार’मधली अटक तर निराळीच, ते सिंधू नदीकाठचं गाव आहे.