आधी भिंत आखा, मग वायर पंच करा

प्रश्न : नव्या ऑफिसात ५० टेबलं आहेत. ठेकेदार म्हणतो, ईपीएबीएक्सच्या (ऑफिसच्या अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजच्या) वायरच्या जोड्या आणि टेबलांकडे जाणाऱ्या केबल एकाच ब्लॉकवर (वायर बसवायच्या खाचांच्या पट्टीवर) समोरासमोर बसवू, जंपर (ब्लॉकवरच्या दोन जागा जोडणाऱ्या वायर) वाचतील. ऐकावं का?

अजिबात ऐकू नका. पहिल्या दिवशी ते काम नीटनेटकं दिसेल. पण तिसऱ्या टेबलावरचा माणूस सतराव्यावर बसायला गेला, की कायमची बसवलेली केबल उपटावी लागेल. प्रत्येक वेळी वायर थोडी आखूड होते, पंच केलेल्या, म्हणजे खाचेत दाबून बसवलेल्या, जागी कमजोर होते आणि शेवटी तुटते. केबल एकदा बसली की तिला हात लावायचा नाही, बदल करायचा तो जंपरमध्येच. फील्ड, म्हणजे प्रत्येक प्रकारच्या केबलची भिंतीवरची जागा, वेगळी ठेवतात ती एवढ्याचसाठी.

फील्ड ओळखायला अमेरिकी ६०६ मानकातले (केबलिंगच्या खुणा-नोंदींच्या मानकातले) रंग मी सगळीकडे वापरतो. सेवा देणाऱ्या कंपनीची लाइन संपते तिथे नारिंगी, तिच्या अलीकडची आपली बाजू हिरवी, ईपीएबीएक्स जांभळं. मजल्यांकडे जाणारी मुख्य केबल पांढरी आणि टेबलांकडच्या केबल निळ्या. भिंतीवर डावीकडून उजवीकडे याच क्रमाने जागा आखा. बाहेरच्या लाइनचे जंपर हिरव्यातून जांभळ्यात जातात, एक्स्टेंशनचे (ऑफिसातल्या फोनचे) जांभळ्यातून पांढऱ्यात किंवा निळ्यात. क्रम मोडला तर जंपर अख्खी भिंत ओलांडत फिरतात आणि वर्षभरात त्या गुंत्यातून एक वायर शोधणं मुश्कील होतं. दोन फील्डच्या मध्ये जंपर वळवायला मोकळी पट्टी आणि कड्या हव्यातच. जागा वाचवताना पहिला बळी या पट्टीचा जातो, तो जाऊ देऊ नका.

प्रश्न : प्रत्येक टेबलाला चार जोड्यांच्या दोन केबल, म्हणजे एकूण ४०० जोड्या. १०० जोड्यांचे, ‘११०’ प्रकारचे चार ब्लॉक पुरतील ना?

नाही पुरणार, आणि हे सहसा काम निम्म्यावर आल्यावर लक्षात येतं. ११० ब्लॉकवर २५ जोड्यांच्या चार ओळी असतात. एका ओळीत चार जोड्यांच्या सहा केबल बसतात आणि एक जोडी उरते. उरलेल्या जोडीत पुढची केबल सुरू करायची नाही, नाहीतर एकच केबल दोन ओळींत विभागली जाते आणि क्रमांकांचा मेळ बसत नाही. म्हणजे एका ब्लॉकवर २४ केबल, चारांवर ९६. तुमच्या आहेत १००. पाच ब्लॉक घ्या आणि सहाव्याची जागा भिंतीवर आखून कोरी सोडा.

११० ब्लॉकऐवजी दहा जोड्यांची क्रोन मॉड्यूल (दुसऱ्या पद्धतीचे छोटे ब्लॉक) वापरणार असाल तर एका मॉड्यूलवर दोन केबल बसतात आणि दोन जोड्या रिकाम्या राहतात. म्हणजे ५० मॉड्यूल लागतील. फोनला एकच जोडी लागते म्हणून बाकीच्या तीन गुंडाळून ठेवण्याचा सल्लाही मिळेल. चारही पंच करा. छताच्या वर गुंडाळून ठेवलेली वायर पुढच्या माणसाच्या दृष्टीने नसल्यासारखीच.

जांभळ्या फील्डचा हिशेब मात्र वेगळा. ईपीएबीएक्सकडून येणारी केबल बहुधा २५ जोड्यांची असते, ती पूर्ण ओळ भरते. इथे आज घेतलेली कार्डं (ईपीएबीएक्सच्या कॅबिनेटमध्ये बसणारे, फोनच्या पोर्टचे बोर्ड) मोजू नका, कॅबिनेट पूर्ण भरल्यावर किती पोर्ट होतील ते मोजा. कार्ड २४ पोर्टचं असेल तर पंचविसावी जोडी मोकळी सोडा. पुढचं कार्ड नव्या ओळीवर घेतलं, की पोर्ट क्रमांकावरून ब्लॉकवरची जागा सरळ सापडते.

प्रश्न : दोन एक्स्टेंशनवर एकमेकांचं बोलणं पुसटसं ऐकू येतं. मल्टिमीटरने तपासलं, सगळ्या वायर बरोबर आहेत.

वायर बरोबर आहेत, जोड्या चुकल्या असणार. एका जोडीतली एक आणि दुसऱ्या जोडीतली एक अशा वायर मिळून सर्किट झालं, तरी दोन्ही टोकांना तीच चूक असेल तर मल्टिमीटर सगळं ठीक सांगतो. पण जोडीतल्या वायर एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, तो पीळ उपयोगी पडतो तो दोन्ही वायर एकाच संभाषणाच्या असतील तरच. तेव्हाच शेजारून आलेला गोंगाट दोन्हींवर सारखा पडतो आणि रद्द होतो. जोडी फुटली की पीळ असून नसल्यासारखा.

केबलचं बाहेरचं आवरण निघालेली जागा आणि जंपर, दोन्ही बघा. जंपरसाठी कुणीतरी दोन सुट्या वायर वापरल्या असण्याची शक्यता बरीच आहे. तिथे पिळलेली जोडीच लागते.

प्रश्न : २५ जोड्यांच्या केबलचे रंग पाठ होत नाहीत.

दहाच रंग लक्षात ठेवायचे. मुख्य पाच : पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा. जोडीदार पाच : निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. पांढऱ्याबरोबर पाचही जोडीदार क्रमाने आले की लाल सुरू होतो. म्हणून पहिली जोडी पांढरा-निळा, सहावी लाल-निळा आणि पंचविसावी जांभळा-राखाडी.

प्रश्न : आवारातल्या दुसऱ्या इमारतीत चार एक्स्टेंशन न्यायच्या आहेत. त्या निळ्या फील्डवरच घेऊ का?

नको. इमारतीबाहेर पडणाऱ्या केबलला तपकिरी फील्ड स्वतंत्र द्या आणि दोन्ही इमारतींत, केबल आत शिरते तिथेच, प्रत्येक जोडीवर सर्ज प्रोटेक्टर बसवा. जवळपास वीज पडली तरी त्या केबलवर मोठा विद्युतदाब चढतो आणि प्रोटेक्टर नसेल तर ईपीएबीएक्सचं कार्ड जळतं. एकाच टोकाला प्रोटेक्टर लावून थांबू नका, दुसऱ्या टोकाला फोन आहे आणि फोन कानाला लावणारं माणूस आहे. प्रोटेक्टरची अर्थिंगची वायर जाड, आखूड आणि सरळ न्या, जास्तीची वायर वेटोळं करून ठेवू नका.