बायकोला ‘होम मिनिस्टर’, ‘हायकमांड’ म्हणणं आता जुनं झालंय का?
हो, पार गुळगुळीत झालंय. आमच्या नागपुरात डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं की ‘खरं गृहखातं तर आमच्या घरी’ हे ऐकून कान किटतात.

परवा तर्री-पोहे खाताना मित्रानं बायकोची ओळख करून दिली, “हे आमचं हायकमांड.” आम्ही हसलो. ती मात्र प्लेटमधले चणे चमच्यानं बाजूला सारत राहिली. तिचं नाव त्यानं सांगितलंच नाही! मला फार वाईट वाटलं.

पूर्वी एकट्या बायकोलाही ‘मंडळी’, ‘कुटुंब’ म्हणत, पण तेव्हा नाव घ्यायचा खरंच संकोच असे. ‘कारभारीण’ मला अजूनही आवडतं, त्यात मान आहे. तुम्ही सरळ नावानं ओळख करून द्या.