गेटवरचा बोर्ड सोडा, आतली लाइन बघा

मोठ्या कारखान्यातल्या नोकरीबद्दल या वेळी बरेच प्रश्न आलेत, त्यातले तीन घेतोय. पगारवाढीचे सगळे पुढच्या अंकात.

प्रश्न : नमस्कार दादा, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय आणि एका मोठ्या मॅन्युफॅक्चरिंग कंपनीतून ट्रेनी म्हणून ऑफर आलीय. कंपनीला 'उत्तम एम्प्लॉयर'चं अवॉर्ड आहे, इंटरव्ह्यूला गेलो तेव्हा जिम, योगा रूम सगळं फिरवून दाखवलं. घरचे म्हणतात एवढं नाव आहे तर डोळे झाकून जा. तिथलाच एक मित्र म्हणतो नीट बघून जा. बघायचं म्हणजे नक्की काय?

उत्तर : मित्राचं ऐक. अवॉर्ड खोटं असतं असं मी म्हणत नाही, पण अशा बऱ्याच मानांकनांसाठी कंपनी स्वतःच अर्ज करते, फी भरते, आणि सर्वेचे फॉर्म कॉम्प्युटरसमोर बसणारे पटापट भरतात, प्रेस मशीनवर उभ्या असलेल्या माणसापर्यंत ते पोचतातच असं नाही आणि कंत्राटी पोरांना तर कितीदा कोणी विचारतही नाही. आणि जिमचं काय घेऊन बसलास, दिवसभर उभं राहून वर ओव्हरटाइम केल्यावर कोण जातं जिमला!

तू सरळ प्लांट बघायला मिळेल का विचार. आत गेलास की पोस्टर वाचत बसू नकोस, मशीनचं गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून असलेलं झाकण, जागेवर आहे की काढून कोपऱ्यात टेकवलंय ते बघ, हात आला की मशीन थांबवणाऱ्या सेन्सरला कोणी टेप मारून ठेवलीय का, इमर्जन्सी स्टॉपच्या लाल बटणापुढे क्रेट रचलेत का. हे दोन मिनिटांत दिसतं आणि ऐन वेळी लपवता येत नाही. सुपरवायझर भेटला तर एवढंच विचार, ऑपरेटर लाइन थांबवू शकतो का, आणि शेवटची कधी थांबवली होती? टोयोटात यासाठी दोरी असायची, आता बऱ्याच ठिकाणी बटण आहे, अँडन म्हणतात त्याला. ऑपरेटरनं ओढली की टीम लीडर धावत येतो, आणि काम लाइनवरच्या ठरलेल्या टप्प्यापर्यंत पोचेतो अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. तुला उत्तर आलं की "अधिकार आहे हो, पण तशी वेळच येत नाही", तर काय ते समजून जा, थांबवायची हिंमतच कोणी करत नसणार.

सुरक्षेचं एवढं सगळं बघत बसलं तर कंपनीचा धंदा कसा व्हायचा, असं घरचे म्हणतील. त्यांना अल्कोआचं सांग. १९८७ मध्ये या अमेरिकन ॲल्युमिनियम कंपनीचा पॉल ओनील प्रमुख झाला आणि गुंतवणूकदारांपुढच्या पहिल्याच भाषणात नफ्याचं सोडून कामगारांच्या सुरक्षेवर बोलला, ऐकणारे चक्रावले. पण २००० पर्यंत दुखापतीमुळे काम बुडण्याचं प्रमाण दर १०० कामगारांमागे वर्षाला १.८६ वरून ०.२ वर आलं होतं, आणि नफाही कितीतरी पट वाढला होता.

प्रश्न : मी कारखान्यात ट्रेनिंग बघते. वर्षाचे ठरलेले तास पूर्ण होतात, फीडबॅकला सगळे पाचपैकी पाच देतात, तरी लाइनवर त्याच चुका आणि त्याच दुखापती. मॅनेजमेंट म्हणतं अजून सेशन घ्या. कुठे अडतंय?

उत्तर : ताई, पाचपैकी पाच येणारच, दोन तास बसायला मिळालं की! डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकानं १९५९ मध्येच ट्रेनिंग मोजायच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या: लोकांना आवडलं का, ते शिकले का, शिकलेलं कामात उतरलं का, आणि निकालात फरक पडला का. तुमची गाडी पहिल्या पायरीवर उभी आहे, आणि सेशन वाढवून ती हलणार नाही.

ग्राइंडरचं व्हील, म्हणजे घासायचं चाक, बदलायचंच घ्या. स्लाइडवर लिहिलेलं असतं "व्हील तपासून घ्या", पोरं मान हलवतात, सही करतात. तेच मशीनपाशी नेऊन व्हील हातात द्या, स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीनं हलकं ठोकायला लावा, खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला तर तडा असू शकतो, व्हील बाजूला. मग व्हीलवर लिहिलेला आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे चालतील तो आकडा, मशीनच्या आरपीएमशी ताडून बघायचा, बसवल्यावर बाजूला उभं राहून मिनिटभर रिकामं फिरवायचं. हे तुम्ही करून दाखवा, मग त्याच्याकडून करून घ्या, करताना तोंडानं 'का' तेही सांगायला लावा आणि आठवड्यानं परत जाऊन बघा. यात माझं काही नाही, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवखी माणसं भरली तेव्हा सुपरवायझरांना शिकवायची हीच पद्धत दिली होती, ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री या नावानं.

पण खरी गोम वेगळीच आहे. लाइन लीडर शिकवत बसला तर त्याचं त्या शिफ्टचं टार्गेट कमी करून देतात का? देत नसतील तर तो शिकवणार नाही, आणि त्याचं काही चुकत नाही. मॅनेजमेंटकडून सेशन मागू नका, लीडरला शिकवायला लागणारे ते तास मागा.

प्रश्न : प्रेस शॉपला आहे, बरीच वर्षं झाली. घरी गेल्यावर रात्री कानात शिट्टी वाजते, बायको म्हणते टीव्ही फार मोठा लावता. कंपनीनं फोमचे इअरप्लग दिलेत पण घातले तरी फरक वाटत नाही. दरवर्षी कान तपासतात, म्हणतात नॉर्मल.

उत्तर : भाऊ, ती शिट्टी अंगावर काढू नका. आवाजानं कानातल्या ज्या बारीक पेशी मरतात त्या परत येत नाहीत, आणि सुरुवात साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे बारीक, उंच आवाजांपासून होते, म्हणून बोलणं ऐकू येतं पण 'स', 'श' निसटतात आणि माणूस टीव्ही वाढवत राहतो. कामगारांच्या आरोग्याचं बघणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश संस्थेची मर्यादा ८ तासांना ८५ डेसिबल, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ८८ ला ४ तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर ८५ च्या वर आहात असं धरा.

प्लग बहुतेक नीट बसत नसणार. हात धुऊन घ्या, प्लग बोटांत वळून बारीक करा, सुरकुती नको, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सारा आणि २०-३० सेकंद बोटानं दाबून धरा. आरशात अर्धा प्लग बाहेर दिसत असेल तर बसलेला नाही. तरी प्लग हा शेवटचाच उपाय, आधी मशीनला आवरण, एअर नोझलला सायलेन्सर, हे सेफ्टी कमिटीत लेखी मागा.

आणि रिपोर्टची कॉपी घ्या, नुसतं "नॉर्मल" चालणार नाही. नोकरीला लागतानाच्या चाचणीशी आकडे ताडून बघायला सांगा. ती पहिली चाचणी किमान १४ तास आवाजापासून लांब राहून केलेली असावी लागते, शिफ्टमधून उठवून केली असेल तर तिच्याशी ताडण्यात अर्थ नाही. शिट्टीसाठी ईएनटीला, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरला, दाखवाच. आणि एका कानानं अचानक कमी ऐकू यायला लागलं तर शिफ्ट संपायचीही वाट बघू नका, त्याच दिवशी जा, उशीर होईल तसा औषधाचा गुण कमी होत जातो.