शेततळे पावसाने भरायचे असते, बोअरने नाही

पाऊस भरवशाचा राहिलेला नाही, तेव्हा मोसंबीसाठी शेततळे घ्यावे की आणखी एक बोअर, असे आपण विचारले आहे. शेततळे घ्या, मात्र ते बोअरच्या पाण्याने भरणार असाल, तर मुळीच घेऊ नका.

आमची बाग मराठवाड्यात, जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात आहे. २०१२ च्या दुष्काळात थोरल्या बंधूंनी पाच बोअर पाडले. चारांतून नुसता फुपाटा उडाला, पाचव्याला सहाशे फुटांवर पाणी लागले आणि ते त्यांनी पन्नी अंथरलेल्या शेततळ्यात साठवले. मी तेव्हाही विरोध केला होता. आपल्या काळ्या खडकात पाणी मुख्यतः वरच्या मुरमात आणि भेगांत राहते. खोलवरचे पाणी एकदा उपसले की ते लवकर भरून येत नाही. त्यातही सावलीतले पाणी आपण उन्हात आणून ठेवतो. तीस बाय तीस मीटरच्या तळ्यातून दिवसाला सहा मिलिमीटर बाष्पीभवन झाले, तरी ५,४०० लिटर पाणी उडून जाते, आणि मे महिन्यात ते याहून अधिक असते. त्याच उन्हाळ्यात शेजारी असलेल्या चुलत्यांचा बोअर बंद पडला.

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये याच मराठवाड्यात अतिवृष्टीने जमिनी खरवडून नेल्या. पाऊस असा चार दिवसांत कोसळून जाणार असेल, तर ते चार दिवस अडवणे हाच उपाय आहे. मी बांधबंदिस्ती केली आणि ओढ्याचे पाणी खडी-वाळूच्या गाळणीतून विहिरीत सोडले; विहीर पूर्वी संक्रांतीला तळ दाखवायची, ती आता होळीपर्यंत पुरते. दिवाळीनंतर पातळी मोजूनच बहर (म्हणजे फळांसाठीचा फुलोरा) धरायचा की सोडायचा, हे मी ठरवतो.

गाळणीविना गढूळ पाणी विहिरीत सोडू नका, झरे बुजतात. आपली जमीन खोल काळी असेल, तर पाणी मुरण्याचा वेग फार कमी राहील. तिथे पावसाच्या पाण्याचे पन्नीचे तळेच योग्य. सलग दोन वर्षे पाऊस गेला, तर माझी विहीरही टिकणार नाही.

बंधू आजही म्हणतात की त्या तळ्यामुळेच आमची झाडे वाचली. ती वाचली, हे मी नाकारत नाही. पण चुलत्यांनी त्याच वर्षी आपली सगळी बाग तोडून सरपणाला दिली, ती बंधूंनी हिशेबात कधी धरलेली नाही.