प्लास्टरच्या आधी एसीचं ठरवा

भाऊ, घराचं काम काढलंच आहे तर एसीची कंपनी नंतर बघा, आधी पाईप कुठून जाणार ते ठरवा. तांब्याचे पाईप भिंतीतून न्यायचे असतील तर प्लास्टरच्या आधी टाकून घ्या आणि त्यात नायट्रोजन भरून गळतीची प्रेशर टेस्ट झाल्याशिवाय भिंत बुजवू देऊ नका. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा दुसऱ्या दिवशीही जवळपास तिथेच असेल, तरच गवंड्याला पुढचं काम सांगा. एसीचं पाणी बाहेर नेणाऱ्या नळीला उतार हवाच. नाही तर पाणी आत, नव्या रंगावर ओघळतं.

आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. म्हणून ५२ अंशांपर्यंत चालेल असं लिहिलेलंच युनिट घ्या. बाहेरचं युनिट पश्चिमेच्या उन्हात किंवा अरुंद डक्टमध्ये कोंबू नका. गरम हवा तिथेच फिरत राहिली की थंडावा कमी आणि बिल जास्त. टनाचा हिशेबही नुसत्या चौरस फुटांवर नको. डोक्यावर तापलेला स्लॅब असेल तर खालच्या मजल्यावर एक टनात भागणारी खोली वर दीड टन मागते.

थंडीसाठी वेगळा हीटर घेण्यापेक्षा हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर एसी बघा. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो, त्यामुळे कॉइलच्या हीटरपेक्षा वीज बरीच कमी लागते. आपली थंडी त्याला जड नाही.

कूलर मात्र विकू नका. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हॉलला तो छान पुरतो. पावसाळ्याच्या दमटपणात त्याचा उपयोग नाही, तेव्हा पहिला एसी बेडरूमलाच लावा.