आठवतं, पण रिक्षात बसल्यावर

गेल्या महिन्याभरात चार घरांतून मला एकच प्रश्न आला. शब्दसुद्धा जवळपास तेच. "मॅडम, मोबाईल हातात दिला की तीन तास जागचा हलत नाही. अभ्यासाला बसवलं की दहा मिनिटांत पाणी, शू, पेन्सिलीचं टोक. म्हणजे लक्ष देता येतंय ना त्याला? मग हे मुद्दामच झालं की!"

उत्तर म्हणून एडीएचडी असलेल्या एका मुलाच्या घराची गोष्ट सांगते. एडीएचडी म्हणजे 'अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर', लक्ष, हालचाल आणि उतावीळपणा यांना आवर घालणं अवघड करणारी, मेंदूच्या वाढीतली अडचण. नावं आणि तपशील बदलले आहेत, आणि त्या घरातल्या आईला विचारून लिहिते आहे.

ओम तेव्हा सहावीत होता. नाशिकला सिडकोत घर, वडील अंबडच्या एका कारखान्यात पाळीने कामाला, आई स्मिता घरीच ब्लाऊज शिवते. पहिल्या भेटीत स्मिताताईंनी माझ्यासमोर तीन वह्या मांडल्या. "बघा. सोमवारचा गृहपाठ पूर्ण, मंगळवारचा पूर्ण. शेजारी बसून, ओरडून, कधी पट्टी हातात घेऊन करून घेतलाय. आणि डायरीत रोज लाल शाईने शेरा, गृहपाठ दाखवला नाही. अहो, केलेलं दाखवायला काय जातं?"

मी त्या वह्या बराच वेळ चाळत राहिले. आळशी मूल गृहपाठ करत नाही. लबाड मूल दुसऱ्याचा उतरवून काढतं. पण पूर्ण केलेली वही दप्तरात ठेवून रोज शिक्षा भोगणाऱ्या मुलाला त्यातून काय मिळतं? काहीच नाही. आणि ज्यातून काहीच मिळत नाही ते कुणी मुद्दाम करत नाही. गेली सतरा वर्षं मी मुलांबरोबर काम करते आहे, आणि कुठलंही मूल समोर आलं की हा प्रश्न मी स्वतःला आधी विचारते.

तिसऱ्या भेटीत ओमने माझ्या टेबलावरचं पेन उघडून स्प्रिंग बाहेर काढली होती. आई त्याच्या हातावर मारायला गेली, मी थांबवलं. अशा मुलांचे हात गुंतले की कान मोकळे होतात. मग मी विचारलं, "ओम, वही दाखवायची राहिली, हे तुला कधी आठवतं?"

"रिक्षात."

"कुठल्या?"

"घरी येताना. दप्तर मांडीवर घेतलं की."

"रोज?"

"रोज." स्प्रिंग परत पेनात बसवत तो म्हणाला, "एकदा काकांना म्हटलं होतं, रिक्षा फिरवा म्हणून. सगळे हसले. आता नाही सांगत."

स्मिताताई एकदम त्याच्याकडे वळल्या. "मला कधी बोलला नाहीस!"

"तू विचारतेस, का विसरलास. का ते मला माहीत नाही."

खोलीत काही वेळ कुणीच बोललं नाही. दोन वर्षं ज्या मुलाला घरातले 'निगरगट्ट' म्हणत होते, तो रोज दुपारी रिक्षात दप्तर मांडीवर घेऊन गप्प बसत होता. त्याला आठवत होतं, वाईटही वाटत होतं. फक्त आठवण यायची ती शाळेचं फाटक मागे पडल्यावर.

आपल्याकडे अशा मुलांबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येतं: कळतं पण वळत नाही. आईवडील ते तक्रार म्हणून सांगतात. मी मात्र ते निदानाइतक्या गांभीर्याने ऐकते, कारण एडीएचडीचं इतकं नेमकं वर्णन मला पुस्तकांतही क्वचित सापडलं आहे. रसेल बार्कली हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कित्येक वर्षं हेच मांडत आले आहेत की ही अडचण माहितीची नाही, माहीत असलेलं ऐन वेळी करण्याची आहे. मी त्यांच्या बाजूची आहे, हे उघडपणे सांगते. जिथे कळण्याची अडचणच नाही, तिथे समजावून काय उपयोग? ओमला संध्याकाळी सात वाजता स्वयंपाकघरात दिलेलं व्याख्यान सकाळी पावणेआठला वर्गात कामाला येत नाही. बाई "वह्या टेबलावर ठेवा" म्हणतात त्या क्षणी त्याचं मन पंख्याच्या आवाजात किंवा शेजारच्याच्या नव्या खोडरबरात असतं. आधार द्यायचा तो त्या क्षणाला, त्या बाकावर.

आता मोबाईल. एडीएचडी म्हणजे लक्ष नसणं, असं नावावरून वाटतं. खरं तर लक्ष असतं, त्याचा लगाम मुलाच्या हातात नसतो. जे आवडीचं आहे, नवं आहे, किंवा ज्याचं फळ आत्ताच्या आत्ता मिळतं, तिकडे ते आपोआप ओढलं जातं. खेळात दर काही सेकंदांनी आवाज, रंग, गुण मिळतात. भूगोलाच्या धड्याचं फळ सहामाहीत, तेही मिळालं तर. आपण मोठी माणसं मनातल्या मनात "चल, एवढं उरक" म्हणून स्वतःला ओढत नेतो. ती ओढ देणारी मेंदूतली यंत्रणा या मुलांत उशिरा पिकते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी २००७ साली मेंदूच्या चित्रणांवरून हे दाखवलं. एडीएचडी असलेल्या २२३ आणि नसलेल्या २२३ मुलांची तुलना त्यांनी केली. मेंदूच्या वरच्या थराच्या निम्म्या भागाची जाडी पूर्णत्वाला पोचण्याचं वय इतर मुलांत साधारण साडेसात होतं, या मुलांत साडेदहा. सर्वांत जास्त उशीर कपाळामागच्या, आवर घालणाऱ्या भागात. आणि हालचाल घडवणारा भाग मात्र किंचित लवकर तयार झालेला! गाडी तयार आणि ब्रेक मागाहून येणार, असं हे मूल असतं. म्हणून मोबाईलवरच्या तीन तासांवरून अभ्यासातल्या दहा मिनिटांचा न्याय करू नका. ते तीन तास कमी करायला हवेतच, पण तो स्वतंत्र विषय आहे, आणि "मुद्दाम करतो" याचा तो पुरावा नाही.

ओमकडे परत येते. मी त्याला विचारलं, "शाळेत तू काय कधीच विसरत नाहीस?" तो हसला. "डबा." मग उपाय त्यानेच काढला. गृहपाठाची वही दप्तरात न ठेवता डब्याच्या पिशवीत, डब्याच्या वर. छोट्या सुट्टीत डबा काढायला गेलं की वही हाताला लागणारच. वर्गशिक्षिकांशी मी आईच्या संमतीने बोलले. पन्नासच्या वर मुलांच्या वर्गात त्यांच्याकडे वेगळा वेळ मागणं मला योग्य वाटलं नाही. दोनच गोष्टी मागितल्या: वही सुट्टीत दिली तरी चालवून घ्या, आणि सूचना देताना त्याच्या बाकावर एकदा बोट टेकवा. दोन्ही त्यांनी मनापासून केलं. पहिल्या पंधरवड्यात लाल शेरा एकदाच आला.

पाचव्या आठवड्यात मात्र फोन आला. "मॅडम, परत तेच. चार दिवसांचं कौतुक होतं." हा फोन जवळपास प्रत्येक घरातून येतो, आणि इथेच बरेच पालक सोडून देतात. युक्ती जुनी झाली की या मुलांच्या डोळ्यांना ती दिसेनाशी होते, भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरसारखी. युक्ती बदलायची, मूल बदलायच्या मागे लागायचं नाही. वहीच्या जागी भडक पिवळी फाईल आली, पुढे डब्याच्या झाकणाला चिकटवलेली चिठ्ठी. दर महिन्या-दीड महिन्याने काहीतरी नवं.

स्मिताताईंना हे पटेना. "म्हणजे जन्मभर असे टेकूच लावत बसायचे?"

त्यांचं माहेर निफाडचं, द्राक्षाची बाग. मी म्हटलं, "ताई, द्राक्षाच्या वेलीला मांडव लागतो. आंब्याला लागत नाही. मग वेल आळशी म्हणायची का?"

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला मांडव कुणी नाही घातला."

मी वाट पाहिली.

"शाळेत असल्यापासून सगळे मला धांदरट म्हणतात. दूध रोज उतू जातं. लग्नसराईत ब्लाऊज आदल्या रात्री दोनपर्यंत शिवते, कारण त्याआधी हातच लागत नाही कामाला. कुणाचं माप कुठल्या कागदावर लिहिलं ते सापडत नाही. नवऱ्याला कळू नये म्हणून किती गोष्टी लपवते! स्वतःला बोल लावून लावून इथवर आणलंय मॅडम. ह्यालाही तसंच सरळ करत होते. माझ्यासारखा होऊ नये म्हणून."

त्या पट्टीमागे राग नव्हता, भीती होती. हे मला पहिल्या भेटीतच दिसायला हवं होतं. तेव्हापासून मुलाची माहिती घेताना आईबाबांना त्यांच्या स्वतःच्या शाळेबद्दल विचारल्याशिवाय मी भेट संपवत नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून एडीएचडीतला आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात निघतो, तेव्हा खुर्चीत बसलेल्या आईबाबांपैकी कुणी त्याच वाटेने आलेलं असणं साहजिक आहे. मुली तर बहुधा धावपळ करत नाहीत, खिडकीबाहेर बघत बसतात. त्यांना 'स्वप्नाळू' म्हणून सोडून दिलं जातं, आणि पस्तिशीत त्या रात्री दोनला ब्लाऊज शिवत असतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मी निदान करत नाही, औषध देत नाही. ती कामं मानसोपचारतज्ज्ञांची. ओमला मी पहिल्या महिन्यातच त्यांच्याकडे पाठवलं होतं. विसराळूपणा दिसला की एडीएचडी, असं नसतं. लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून असावी लागतात, कमीत कमी सहा महिने टिकलेली, आणि घर-शाळा अशा किमान दोन ठिकाणी त्रास देणारी. कान, डोळे, झोप, घरातला ताण, अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण) हेही तपासावं लागतं. गोळीबद्दल वडिलांना एकच धास्ती होती, व्यसन लागेल. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरल्या मात्रेत घेतलेल्या गोळीने मूल व्यसनी होत नाही. भूक कमी होऊ शकते, झोप लांबू शकते, म्हणून वजन-उंची बघत राहावं लागतं. ओमला गोळीचा फायदा झाला. पण गोळी वही डब्याच्या पिशवीत ठेवत नाही. तिने फक्त मांडवावर चढणं सोपं केलं, मांडव आपल्यालाच घालावा लागला.

घरी करायच्या गोष्टींपैकी दोनच सांगते, कारण दहा सांगितल्या तर एकही होत नाही. सूचना लांबून ओरडू नका, जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, एका वेळी एकच काम सांगा. आणि वेळ डोळ्यांना दिसू द्या. "अर्धा तास आहे" हे या मुलांना हवेतलं वाक्य असतं, काटे असलेलं मोठं घड्याळ अभ्यासाच्या टेबलावरच हवं. मोठ्या माणसांनाही हेच लागू आहे. ऑफिसात काम अडत असेल तर मनाला दटावण्याआधी टेबलाकडे बघा, काम जिथे निसटतं ती जागा शोधा.

शेवटच्या भेटींपैकी एक आठवते. स्मिताताईंची स्वतःची डॉक्टरांची वेळ मिळाली होती, गुरुवारी चार वाजता. मी चिठ्ठी लिहून दिली. "घरी गेल्या गेल्या फ्रिजवर लावते," त्या म्हणाल्या.

ओम तेव्हा खुर्चीखाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. तिथूनच म्हणाला, "आई, फ्रिजवर नको. फ्रिजवरचं तू वाचत नाहीस. कात्रीला बांध."